वैद्यिणीचा शिधा

भिंग्याने अख्खी विहीर गोठवली तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वीस बाजूंच्या फाशावर सतरा आले होते. दोन्ही हात वर करून त्याने टेबलाभोवतीच्या तिघांकडे लढाई जिंकल्यासारखं पाहिलं.

"किल्ल्याचा दरवाजा लालबुंद," तो म्हणाला. "चला, ढकला आता."

"थांब," दादा म्हणाला. "उष्णता कुठून घेतलीस?"

"विहिरीतून. सांगितलं ना मघाशी!"

"विहिरीत पाणी किती?"

भिंग्याने हात खाली घेतले. दादाने नोंदवहीचं पान उलटलं, कानामागचं पेन काढलं आणि समासात दोन ओळींचं गणित मांडलं. दरवाजा एक टन लोखंडाचा. तो नऊशे अंशांनी तापवायचा, तर जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या पाण्यातली उष्णता काढून घ्यावी लागते, तीही पाण्याचा पार बर्फ होईपर्यंत.

"जमलं," तो शेवटी म्हणाला. "जेमतेम. पण विहिरीत आता दगडासारखा बर्फ आहे. आत शिरल्यावर पाणी मागू नकोस."

"अरे, खेळ आहे हा! बॉयलर नाही!"

"म्हणून तर परवानगी दिली. बॉयलर असता तर सील केला असता."

दादा बॉयलर तपासणीस होता. एकतीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासून त्याचा जगातल्या कुठल्याही गोष्टीवर सहजासहजी विश्वास बसत नसे. फक्त कागदावर सही असलेल्या गोष्टीवर बसे. लग्न केलं नव्हतं. लोक म्हणत, त्याचं बॉयलरशीच लागलंय, आणि तो ते नाकारत नसे. या खेळाचा सूत्रधार तोच. राज्यं, जंगलं, राक्षस, दरवाजे सगळं त्याच्या डोक्यातलं. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घ्यायचं, त्या पात्राच्या वतीने बोलायचं, फासे टाकायचे आणि तो सांगेल ते भोगायचं. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी त्याने पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला होता: जादू ऊर्जा निर्माण करत नाही, फक्त इकडची तिकडे नेते. त्याखाली दुसरा: वहीत लिहिलं नाही ते घडलं नाही.

या दुसऱ्या नियमापायी भिंग्याचा पहिला मांत्रिक वाळवंटात तहानेने मेला होता. पखाल भरून घेतली, असं तो मनात म्हणाला होता, मोठ्याने नव्हे. भिंग्याने तेव्हा आकांडतांडव केलं, पंधरा दिवस अबोला धरला आणि मग मुकाट्याने नवा मांत्रिक घेऊन परत आला. तो दादाचा शाळेपासूनचा मित्र. जाड भिंगांचा चष्मा लागल्यामुळे हे नाव पडलं होतं. पुढे त्याने चष्म्यांचंच दुकान काढलं, त्यामुळे नाव पुसलं जायची शेवटची आशाही संपली.

तिसऱ्या खुर्चीत मास्तरीणबाई होत्या. शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. नवा चष्मा करायला दुकानात आल्या असताना भिंग्याने आपल्या मांत्रिकाचं रडगाणं गायलं, आणि बाईंनी डोळ्यांची तपासणी अर्ध्यावर सोडून विचारलं, "म्हणजे तुमच्यात ऊर्जेची अक्षय्यता पाळतात?" आज त्यांचा तिसरा रविवार. त्यांचं पात्र चोराचं होतं, आणि चोरी करताना त्या घर्षणाचा विचार करत.

चौथी खुर्ची बेबीची. ती दाराकडेच्या बाजूला होती, म्हणजे उठायला सोपी. बेबी दादाची धाकटी बहीण, वय वर्षं सत्तेचाळीस, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ. खेळात ती वैद्यीण होती. घर तिचं आणि अण्णांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं; दादा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. दर रविवारी दोनला तो यायचा, आतल्या खोलीत अण्णांच्या कॉटशेजारी दहा मिनिटं बसून त्यांना आठवड्याच्या बॉयलरांची हकिगत सांगायचा, आणि मग बाहेर येऊन वही उघडायचा.

वैद्यिणीची माहिती लिहिलेला कागद बेबीसमोर होता: उंची, वजन बावन्न किलो, स्वभाव शांत. त्या कागदाच्या घडीत दुसरा एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आठ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली आहे, त्यानंतर सगळ्या शाखांच्या स्वयंपाकघरांची जबाबदारी तिच्याकडे येईल, आणि होकार सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवावा. सोमवार म्हणजे उद्या.

आठ महिने अण्णांकडे कोण बघणार, एवढाच प्रश्न होता. आणि तो विचारण्याजोगा माणूस जगात एकच होता. पत्र आल्यावरच्या पहिल्या रविवारी ती विचारणार होती, पण दादा कुठल्याशा कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधलेला पाहून आला होता आणि पेटलेलाच होता. दुसऱ्या रविवारी मास्तरीणबाईंसमोर बरं दिसेना. आज सकाळी तिने आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, "दादा, मला जायचंय." दोन्ही वेळा ते परवानगी मागितल्यासारखं ऐकू आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"ढकलतोय आम्ही," भिंग्या म्हणाला. "बाई, तुमच्या चोराला पुढे करा."

"लाल लोखंडाला हात लावायला? चोर आहे मी, खुळी नाही."

"खांद्याने ढकला."

"खांदा काय लाकडाचा आहे?"

शेवटी ठरलं की चोराने ओंडक्याने ढकलावं. बाईंनी फासा टाकला. तीन आले. दादाने थंडपणे सांगितलं की ओंडक्याने पेट घेतला, दरवाजा उघडला खरा, पण चोर तोल जाऊन त्यावरच आदळला. पाठ आणि एक हात भाजला. चांगलाच.

"असू दे," भिंग्या म्हणाला. "वैद्यीण बरं करेल. लिही रे, वैद्यीण बरं करते."

दादाने वहीत लिहिलं आणि पुढे लाल पेनाने एक टिकली दिली. गंभीर जखम बरी केली की लाल टिकली, अशी पद्धत होती. बेबी काही बोललीच नव्हती. तिने फक्त मान हलवली.

"एक मिनिट," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या आपली भाजलेली पाठ विसरून पुढे वाकल्या होत्या. "याची ऊर्जा कुठून येते?"

"कशाची?"

"बरं करण्याची. दरवाजाला विहीर लागली. मग माझ्या पाठीला काय लागलं?"

दादाने पहिली वही उघडली. अकराही वह्या तो पिशवीत घालून आणत असे. वादविवादात पुरावा हाताशी असावा म्हणून. पहिल्या पानावर तिसरा नियम होता. "उपचाराची ऊर्जा वैद्यिणीच्या अंगातून जाते," त्याने वाचलं. "प्रमाण नगण्य."

"नगण्य म्हणजे किती?"

"नगण्य म्हणजे मोजायची गरज नाही इतकं."

"अहो, ते न मोजता कसं ठरवलंत?"

भिंग्या खुशीत येऊन खुर्चीत सरसावला. अकरा वर्षांत दादाला कोणी असा कोंडीत पकडलेला त्याने पाहिला नव्हता. दादा मात्र चिडला नाही. चांगला प्रश्न आला की तो पेनाचं टोपण काढायचा. आताही त्याने काढलं.

"बरोबर आहे बाई. मोजायला हवं होतं. पण जखमेची उष्णता काढायची कशी? मला लोखंडाचं विचारा."

"मी सांगते," बेबी म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. खेळात ती सहसा विचारल्यावरच बोलायची.

"भाजलेल्या पेशंटचं ताट मी रोज लिहिते," ती म्हणाली. "पाठ आणि हात म्हणजे अंगाचा पाचवा हिस्सा धरा. अशा माणसाला नेहमीच्या जेवणावर रोज हजारेक कॅलरी जास्त लागतात. नुसती कातडी भरून यायला. तीन आठवडे तरी."

"एकवीस हजार," बाई म्हणाल्या.

"हो. आणि आपल्याकडे ती एका क्षणात बरी करते. म्हणजे एकवीस हजार एका क्षणात द्यायच्या. अंगातल्या एक किलो चरबीतून साडेसात हजार मिळतात."

दादाचं पेन चाललं. "पावणेतीन किलो."

"एका जखमेला," बेबी म्हणाली.

हे ती हॉस्पिटलात शिकाऊ मुलींना सांगते त्याच सुरात म्हणाली होती. पण म्हणून झाल्यावर तिला एकाएकी वाटलं की आपण काहीतरी खासगी बोलून गेलो. तिने समोरच्या कागदाची घडी बोटाने दाबली.

"लाल टिकल्या किती आहेत एकूण?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

इथे खरं तर खेळ पुढे जायला हवा होता. लाल दरवाजा सताड उघडा होता, किल्ल्यात चेटकीण वाट बघत होती. पण बाईंनी सहा वह्या आपल्याकडे ओढल्या, पाच भिंग्याकडे सरकवल्या, आणि दोघं उत्तरपत्रिका तपासायला बसल्यासारखी बोटं फिरवू लागली. भिंग्या मधेच "अरे, हा साप आठवतो!" असं ओरडायचा आणि मोजणी चुकायची. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. बेबीही बघत होती, पण तिचं बघणं निराळं होतं. चार वाजायला वीस मिनिटं होती.

आकडा आला दोनशे शहाऐंशी. दादाने गुणाकार केला, मग पुन्हा केला.

"सातशे शहाऐंशी किलो," तो म्हणाला.

"वैद्यीण किती किलोची?"

"बावन्न."

बाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. "पंधरा वैद्यिणी संपल्या की हो तुमच्या."

भिंग्या खो खो हसला. बेबीलाही हसू आलं. तिला त्या पंधरा जणी एका रांगेत उभ्या दिसल्या, सगळ्या बावन्न किलोंच्या, सगळ्या शांत स्वभावाच्या.

"तसं नाही," दादा म्हणाला. "जेवणाने भरून निघतं. आपण दर मुक्कामाला शिधा खातो. तो मी काटेकोरपणे लिहितो." त्याने चालू वही उघडून टेबलावर फिरवली. "बघा. मागचा रविवार, मुक्काम नदीकाठी. मांत्रिक, शिधा एक. चोर, शिधा एक. घोडे, चारा दोन पोती."

"वैद्यीण?"

दादाने बोट खाली नेलं. "जखमा: मांत्रिकाचा गुडघा, वैद्यिणीने बरा केला." बोट पुढे गेलं, पानाच्या टोकाला पोचलं आणि परत वर आलं. त्याने आधीचं पान उलटलं. मग त्याआधीचं.

मुक्काम नेहमी चारला पडायचा. तसं ठरवून झालं नव्हतं, पडत गेलं होतं. चार वाजले की बेबी "आलेच पाच मिनिटांत" म्हणून आत जायची. अण्णांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. मग तोंड पुसायचं, चमच्याने पातळ काहीतरी भरवायचं, हातपाय हलवून द्यायचे. पाच मिनिटांची वीस व्हायची. तेवढ्यात बाहेर ही मंडळी कंटाळवाणी कामं उरकून घेत: शिधा वाटणं, घोड्यांचा चारा, जखमा बऱ्या करणं. बेबी परत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असावं, तिच्या वाट्याला थेट पुढची लढाई यावी, हा त्यामागचा विचार. तिचा वेळ वाया जाऊ नये म्हणून. यात कोणाच्याही मनात काडीचंही वाईट नव्हतं. तिच्या कपावर बशी झाकून ठेवलेली असायची आणि चहा गार झालेला असायचा. ती तो तसाच प्यायची.

"या वहीत कुठेच नाही," दादा म्हणाला.

"आधीच्या बघा."

त्याने दहावी उघडली. नववी. आता तो ओळी वाचतही नव्हता, मुक्कामाच्या जागा त्याला पाठ होत्या. मांत्रिक एक. चोराच्या जागी तेव्हा एक धनुर्धर होता, तोही एक. घोडे. एकदा तर वाटेत सापडलेल्या कुत्र्यालाही अर्धा शिधा लिहिलेला होता. वैद्यिणीचं नाव पानोपानी होतं, पण ते फक्त जखमांच्या रकान्यात.

"माझ्या मांत्रिकाला एक दिवस पाणी लिहिलं नव्हतं तर तू त्याला मारलंस," भिंग्या म्हणाला. तो चिडवायला म्हणाला होता, पण शेवटचे शब्द जरा दबकेच निघाले. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

दादा दुसऱ्या वहीपाशी पोचला आणि थांबला.

तिथे होतं. "वैद्यीण, शिधा एक. आणखी मागितला, दिला." त्याखालच्या रविवारी: "वैद्यीण, शिधा दोन. म्हणते रोजच भूक लागते." त्याच्याच अक्षरात, जरा तरुण, जरा मोकळ्या अक्षरात. पुढच्या पानावर फक्त तारीख आणि एक ओळ होती: खेळ नाही, अण्णा हॉस्पिटलात. त्यापुढचे पाच रविवार कोरे. आणि मग खेळ पुन्हा सुरू झालेला, मुक्काम डोंगरपायथ्याशी, मांत्रिक शिधा एक, धनुर्धर शिधा एक, घोडे चारा एक पोतं.

दादाने ते पान उलटलं नाही. त्याचा अंगठा त्या एका ओळीवर राहिला. कारखान्यात गेल्यावर तो काचेच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीकडे असा बघत उभा राही. पातळी दिसते तशी खरीच आहे की नळी तुंबलीये, हे कळेपर्यंत. बेबीला ते पान उलटं दिसत होतं, पण तिला ते वाचायची गरज नव्हती. नऊ वर्षं. ती भावाकडे बघत नव्हती. तिला भीती वाटत होती. आता हा माणूस नियमाप्रमाणे बोलणार. वहीत नाही ते घडलं नाही. आठवड्यातले दोन तास ती दुसरी कोणीतरी असते, आणि आज ते दुसरं कोणीतरी मरणार. आणि मग पत्राचं कसं विचारायचं?

"अरे, सोड," भिंग्या म्हणाला. "नगण्य म्हणून सोडून दे. आजपासून लिहू."

"तसं चालत नाही."

"दादा, राहू दे," बेबी म्हणाली. "मेली असं लिही. मी दुसरं पात्र घेते."

"गप्प बस." तो जोरात बोलला नव्हता. "जखमा बऱ्या झाल्या का? झाल्या. दोनशे शहाऐंशी. सगळ्यांवर माझी टिकली आहे. हा मांत्रिक समोर बसलाय, धडधाकट. म्हणजे ऊर्जा खर्च झाली. शून्यातून ती येत नाही. म्हणजे कुठून तरी आली. बरोबर ना बाई?"

"बरोबर," मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"वहीत ती कुठून आली ते नाही. मग दोन्हींतलं एक खोटं आहे. एक तर नियम, नाहीतर वही." त्याने पेन बदललं. "नियम खोटा नाही."

बॉयलरच्या नोंदवहीत चूक सापडली तर ती खोडायची नसते. पान फाडायचं नसतं. चुकीच्या ओळीवर तिरपी रेघ मारायची, बाजूला 'नोंद अपुरी' असं लिहायचं आणि खाली सही करायची, म्हणजे चूक कोणाची ते पुढच्या माणसाला कळतं. दादाने हे इतरांच्या वह्यांत शेकडो वेळा करवून घेतलं होतं. आपल्या वहीत त्याने ते प्रथमच केलं. तिसऱ्या नियमातल्या 'नगण्य' या शब्दावर त्याने रेघ मारली. नोंद अपुरी. सही. मग दुसऱ्या वहीतल्या डोंगरपायथ्याच्या मुक्कामावर. सही.

घड्याळात चार वाजले. बेबी उठली. ते उठणं तिच्या गुडघ्यांत बसलेलं होतं, त्याला विचार लागत नसे.

"आलेच पाच मिनिटांत."

"बस," दादा म्हणाला.

"अरे, चार—"

"मला घड्याळ कळतं. आता कुठल्या कुशीवर आहेत?"

तिला प्रश्न समजायला क्षणभर लागला. "डाव्या. उजवीवर करायचं. पण तुला जमणार नाही, खांद्याखाली हात—"

तो आत गेलाही होता. दार अर्धवट उघडं राहिलं. बेबी उभीच होती. एक हात खुर्चीच्या पाठीवर. मास्तरीणबाईंनी तिच्या कपावरची बशी काढली आणि कप तिच्याकडे सरकवला. चहातून वाफ निघत होती.

अण्णांना आजारानंतर एकच शब्द नीट बोलता येत होता, आणि तो म्हणजे बेबी. पाणी हवं, बेबी. दिवा घालवा, बेबी. पाठ दुखते, बेबी. आताही आतून तो आला.

"बेबी."

"मी आहे, अण्णा."

"बेबी."

"हो, हो. जरा दमानं घ्या. असा हात द्या." कॉट करकरली. काहीतरी पडलं, बहुतेक पेला. मग दादाचा आवाज, जरा धापा टाकत: "बेबी, ती उशी पाठीमागे लावायची की गुडघ्यांच्या मध्ये?"

बेबीने दाराकडे एक पाऊल टाकलं होतं. ती थांबली.

"दोन आहेत," तिने बाहेरूनच सांगितलं. "लहान गुडघ्यांच्या मध्ये. मोठी पाठीमागे."

"आणि टाच?"

"टाच अधांतरी राहिली पाहिजे. टॉवेलची गुंडाळी कर, घोट्याखाली घाल."

ती बसली. कप उचलून तिने एक घोट घेतला आणि तिची जीभ पोळली. भिंग्या आपला फासा बोटांत फिरवत बसला.

पंचवीस मिनिटांनी दादा बाहेर आला. शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली होती आणि छातीवर पेजेचा डाग पडला होता. तो खुर्चीत बसला.

"दिवसातून किती वेळा?" त्याने विचारलं.

"बारा. मदतनीस बाई आल्या की चार त्या करतात. रविवारी त्यांना सुट्टी."

"रात्री?"

"अलार्म लावते."

"नऊ वर्षं," दादा म्हणाला. पुढे काहीतरी म्हणायला त्याने श्वास घेतला, पण त्याला कागदावर नसलेलं बोलण्याची सवय नव्हती.

आरशासमोर म्हटलेलं वाक्य बेबीला आठवेना. म्हणून तिने कागदाची घडी उघडली, आतलं पत्र काढलं आणि टेबलावरून, फाशांच्या मधून, त्याच्याकडे सरकवलं. दादाने ते वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत वाचलं, आणि पुन्हा वर जाऊन वाचलं. भिंग्या आणि मास्तरीणबाई आपापल्या पात्रांच्या कागदांत डोकं घालून बसली, जणू त्यांवर काही नवीन छापून आलं होतं.

"हे कधी आलं?"

"वीस दिवस झाले."

"आणि आज दाखवतेस?"

"गेल्या दोन्ही रविवारी आणलं होतं," ती म्हणाली. "लढाई चालू होती."

दादाने पत्र घडी घालून तिला परत दिलं. त्याने पिशवीत हात घालून एक नवी, कोरी वही काढली. खेळाची बारावी म्हणून घेऊन ठेवलेली. पहिल्या पानावर पट्टी ठेवून त्याने उभ्या रेघा मारल्या. वेळ. कूस. पाणी. जेवण. सही. मग वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. ती आजची नव्हती. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारची होती, पत्रात प्रशिक्षण सुरू व्हायची दिली होती ती.

बेबीने ती तारीख उलटीच वाचली. तिचे डोळे भरून आले, तिने ते पुसले नाहीत आणि कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"सहाला पुन्हा डावी?" दादाने विचारलं.

"सहाला उताणे. आठला डावी."

त्याने लिहून घेतलं. "तोवर तू मला सगळं दाखवायचंस. रोज संध्याकाळी येतो." मग चालू वही पुढे ओढून तो सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला, "दरवाजा उघडा आहे. आत अंधार. चेटकिणीच्या पावलांचा आवाज येतोय. पाळी वैद्यिणीची. काय करते?"

"जेवते," बेबी म्हणाली.

"आत्ता?" भिंग्या म्हणाला. "चेटकीण आलीये ना!"

"येऊ दे. बसून जेवते."

"शिधा किती?" दादाने पेन टेकवलं.

बेबी विचारात पडली. हॉस्पिटलातल्या चारशे ताटांचा हिशेब ती डोळे मिटून सांगू शकली असती, पण हा तिला पटकन येईना. तेवढ्यात आतून हाक आली.

"बेबी."

"आलो," दादा म्हणाला, आणि पेन तिच्यापुढे ठेवून उठला. "आकडा तू लिही."